सावलीचा काठ

सूर्यासारखा दुसरा दिवा नाही. त्याला तेल लागत नाही, त्याची वात सारखावी लागत नाही, आणि त्याच्या उजेडाचे मोल कोणी मागत नाही. उजेड मोजण्याचे ‘लक्स’ नावाचे एक माप आहे. वाचनालयातील मेजावर तीनशे ते पाचशे लक्स उजेड असला, म्हणजे आपण सुखाने वाचू शकतो. उलट निरभ्र दिवशी, भर दुपारी, उघड्या माळावर हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो! असा दानशूर दिवा डोक्यावर तळपत असताना उघड्यावर एखाद्याचे चित्रण करणाऱ्याला उजेडाची चिंता ती कसली, असे कोणालाही वाटेल. परंतु या दिव्याशी ज्याची रोजची गाठ पडते, त्याला विचारा. दाता मोठा खरा. पण तो आपल्या लहरीने देतो, आणि त्याच्यापुढे कोणाचा हुकूम चालत नाही.

मी एकट्याने चित्रफिती तयार करतो. गावोगावी जावे, वृद्ध माणसांना त्यांच्या आयुष्यातील गोष्टी विचाराव्यात आणि त्या त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच अंगणात, कॅमेऱ्यात साठवून ठेवाव्यात, हा माझा उद्योग. चित्रपटाच्या मोठ्या ताफ्यात उजेड सांभाळायला निराळी माणसे असतात. माझ्याजवळ असते एक पिशवी. तीत कॅमेरा, त्याची तिपाई, आवाज टिपणारा चिमुकला मायक्रोफोन, एक पांढरी चादर आणि एक घडीची गोल तबकडी असते. तबकडीची एक बाजू पांढरी, दुसरी रुपेरी. प्रश्न विचारणारा मी, कॅमेऱ्यावर लक्ष ठेवणारा मी, आणि उत्तर ऐकणाराही मीच. मग उजेड हलवायला हात आणावेत कोठून? तेव्हा मी एक साधा नियम धरला आहे : दिवा हलवता येत नसेल, तर माणूस कोठे बसवावा, हे नीट ठरवावे.

हा नियम चलच्चित्राच्या जन्माइतका जुना आहे. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील वेस्ट ऑरेंज येथे एडिसनच्या प्रयोगशाळेच्या आवारात १८९३ साली चित्रणासाठी एक खोली बांधण्यात आली. बाहेरून ती डांबरी कागदाने काळीकुट्ट मढवलेली होती. तिचे छप्पर उघडत असे, आणि सबंध खोली एका गोल रुळावर फिरत असे. सूर्य सरकला, की माणसे खोलीच सरकवीत! आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला, तोही सूर्याच्याच भरवशावर. आज विजेचे दिवे आले, बॅटरीवर चालणारे इवलेसे दिवेही आले. परंतु भर उन्हात असला दिवा लावून पाहा. समुद्रात ओंजळभर पाणी टाकावे, तसे होते.

दिव्याचा आणखी एक स्वभाव असा, की त्याच्यापासून दुप्पट दूर गेलो, तर उजेड निम्मा न राहता चौथाई होतो. खोलीत म्हणूनच दोन पावलांनी फरक पडतो. सूर्य मात्र आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. त्याच्या हिशेबी आपली दोन पावले म्हणजे काहीच नव्हे. अंगणाच्या या टोकाला जेवढे ऊन, तेवढेच त्या टोकाला. फरक पडतो तो सावलीने. म्हणून उन्हात काम करणाऱ्याने उन्हापेक्षा सावलीचाच अभ्यास अधिक करावा, असे माझे मत आहे.

दुपारचे ऊन माणसाच्या चेहऱ्याशी फार निष्ठुरपणे वागते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे वर्षातून दोन दिवस सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो. पुण्यामुंबईकडे मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. त्या घडीला उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गडप होते. त्या वेळी कोणाच्या तोंडाकडे पाहा. कपाळ तळपत असते, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचलेला असतो, आणि नाकाची सावली मिशीसारखी ओठावर उतरते. बोलणारा बिचारा डोळे बारीक करून बोलतो. पाहणाऱ्याला वाटते, हा मनुष्य रागावला आहे. खरे पाहता त्याला नुसते ऊन लागत असते.

बरे, झाडाखाली बसवावे, तर तेथे कवडसे छळतात. हे कवडसे मोठे गमतीचे असतात. पानांमधील फटी वाकड्यातिकड्या, पण जमिनीवर पडणारे ठिपके गोल! कारण त्यांतील प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याची छोटीशी प्रतिमाच असते. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. जमिनीवर ते शोभतात. पण वाऱ्याने फांदी हलली आणि ते एखाद्या आजोबांच्या नाकागालांवरून धावू लागले, की पाहणाऱ्याचे लक्ष गोष्टीवरून उडालेच म्हणून समजा.

माणसाला आकाशाकडे पाठ करून बसवले, तर निराळीच फजिती. आपला डोळा लख्ख आकाश आणि सावलीतला चेहरा, दोन्ही एकाच वेळी पाहू शकतो. कॅमेऱ्याची ताकद त्या मानाने थोडी. त्याला त्याच्या मर्जीवर सोडला, तर तो बहुधा आकाशाचा मान राखतो आणि माणसाला काळा करून टाकतो. उन्हातान्हात राबून ज्यांची कातडी रापली आहे, त्यांच्यावर तर हा अन्याय अधिकच होतो. आभाळ थोडे फिकट झाले तरी चालेल, पण चेहरा दिसलाच पाहिजे, असे कॅमेऱ्याला हाताने बजावावे लागते. ज्याची गोष्ट आपण ऐकायला आलो, त्याचे डोळे दिसले नाहीत, तर आलो कशाला?

या सर्व अडचणींवर आपल्या जुन्या घरांनी एक उत्तम तोड काढून ठेवली आहे. ती म्हणजे ओसरी. ओसरीच्या आत सावली, पुढे अंगणात ऊन. त्या दोहोंच्या सीमेवर, सावलीच्या काठाशी, अंगणाकडे तोंड करून माणूस बसला, की डोक्यावर ऊन येत नाही. अंगणातील उजेड मात्र समोरून, चारी बाजूंनी मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. सुरकुतीन् सुरकुती दिसते, पण एकही बोचत नाही. समोर चुन्याने रंगवलेली भिंत असली, तर सोन्याहून पिवळे. भिंत निळी असेल, तर मात्र गालांवर निळी झाक चढते. म्हणून मी आधी एक कोरा कागद तेथे धरून कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे कोणते, हे शिकवून ठेवतो. गरज वाटली, तर पांढरी चादर दोरीवर वाळत घातल्यासारखी बांधावी, किंवा तबकडी धोंड्याला टेकून ठेवावी. त्यांच्यावरून परतलेला उजेड हनुवटीखालचा काळोख अलगद पुसून टाकतो. थोर छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ या १९५६ सालच्या चित्रपटात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली होती. काशीच्या घरातील चौक त्यांना कोलकात्याच्या स्टुडिओत उभारावा लागला, तेव्हा त्यांनी वर पांढरे कापड ताणले, दिवे त्याच्यावर पाडले, आणि कापडावरून परतून येणाऱ्या उजेडाने चौकात आकाश उतरल्याचा भास निर्माण केला.

एवढे सगळे जमले, तरी एक गोष्ट उरतेच. सूर्य थांबत नाही. तो आकाशात दर चार मिनिटांना एक अंश, म्हणजे तासाला पंधरा अंश सरकतो. मुलाखत तास-दीड तास चालते. सुरुवातीला जेथे सावलीचा काठ असतो, तेथे शेवटी ऊन येते. म्हणून कोणत्याही घरी गेलो, की मी प्रथम घरच्या माणसांना विचारतो, “तिसऱ्या प्रहरी येथली सावली कोणीकडे जाते?” हा प्रश्न विचारण्याची मला सवयच लागली आहे; आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर मला माणदेशात मिळाले.

१९७२ सालच्या दुष्काळाच्या आठवणी टिपण्यासाठी मी तेथील एका गावी गेलो होतो. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली, विहिरी आटल्या, आणि लाखो माणसे पोटासाठी सरकारी कामांवर गेली. कोणी रस्ते केले, कोणी पाझर तलाव खोदले, कोणी खडी फोडली. ज्यांनी हे सारे तरुण वयात केले, ती माणसे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्याकडून आज ऐकले नाही, तर पुढे ऐकायला मिळणार नाही.

ज्या आजींना मी भेटलो, त्यांनी माझा प्रश्न ऐकून वर सूर्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी ओसरीच्या खांबाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “हितं नगं बसवूस, बाबा. घटकाभरानं हितं ऊन येतंय. त्या कडंच्या खांबापाशी बसू. तिथं दिस बुडंस्तवर सावली हाय.”

मी तिपाई कडेच्या खांबासमोर मांडली. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड येत होता, तो पुरेसा होता. चादर पिशवीतच राहिली. मी विचारले, “आजी, सावलीचं इतकं नेमकं तुम्हांला कसं ठाऊक?” माझ्या वहीत लिहून नेलेल्या प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. पण त्याच प्रश्नाने त्यांना बोलते केले.

दुष्काळात त्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत. कडेला सहा महिन्यांचे मूल. घरी सांभाळायला कोणी नाही. तीन काठ्यांचा तिवडा करून त्याला लुगड्याची झोळी बांधायची आणि झोळीत मूल निजवायचे. माळावर एकच बाभळ. तिची सावली विरळ, आणि तीही जागेवर राहीना. सावली सरकली, की तिवडा सरकवायचा. पण हातोडा टाकून सारखे उठले, तर मुकादम ओरडे. “मग म्या सावलीच ध्यानात ठिवली,” त्या म्हणाल्या. “खडीचा ढीग गुडघ्याएवढा झाला, का सावली कुटवर येती, त्ये आधीच हेरायची. तिवडा तिथंच रवायचा. एकदा उठायचं, दोनदा न्हाय.” दुपारी सुकडी मिळे. तीतली थोडी पदरात बांधून त्या घरी म्हाताऱ्या सासूसाठी नेत.

ज्या गोष्टीला मी माझी कला म्हणतो, ती त्या माउलीने वैशाखाच्या उन्हात, हातात हातोडा घेऊन, तान्ह्या जिवासाठी शिकून घेतली होती. मी ऐकत राहिलो.

सूर्य खाली गेला. पांढऱ्या भिंतीवरचे ऊन आधी पिवळे, मग तांबूस झाले आणि वर चढत चढत नाहीसे झाले. चेहऱ्यावरचा उजेड मंदावू लागला. अशा वेळी एकट्या माणसापुढे पेच उभा राहतो. बोलणाऱ्याला थांबवून दिवा काढावा, की तसेच चालू द्यावे? दिवा पिशवीत होता. पण तुटलेला धागा पुन्हा जुळतोच असे नाही. आणि आजी त्या वेळी त्या माळावरच होत्या, ओसरीवर नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांवरची माझी नजर न काढता मी बोटांनी कॅमेऱ्याचे कडे फिरवले आणि भिंगाची वाट होती तेवढी मोकळी केली.

इतक्यात गुरे घेऊन एक गृहस्थ अंगणात आले. केस पिकू लागलेले, पन्नाशी उलटलेली. आवाज होऊ नये म्हणून ते दारापाशीच थबकले. आजींनी त्यांच्याकडे पाहिले आणि हसून म्हणाल्या, “झोळीत ह्योच व्हता.” त्या गृहस्थांनी ही हकीकत पूर्वी कधी ऐकलेली नव्हती. ते काही बोलले नाहीत. त्यांनी गुरांचे दावे खुंट्याला बांधले आणि ओसरीच्या पायरीवर येऊन बसले.

ते शेवटचे चित्र थोडे अंधूक आहे, दाणेदार आहे. जाणकार त्यात दोष काढतील. पण आजींचे डोळे त्यात स्पष्ट दिसतात, आणि मला तेवढे पुरे आहे. उजेडाची सारी खटपट बोलण्यापूर्वी करावी. एकदा माणूस बोलू लागला, की आपण उजेड विसरून ऐकावे, म्हणजे पुढे पाहणाराही उजेड विसरतो आणि माणूस पाहतो.

बालमित्रांनो, आज अनेक घरांतील फोनमध्ये कॅमेरा असतो. तुमच्या आजीआजोबांजवळही सांगण्यासारखे पुष्कळ असेल. दुपार टळू द्या. त्यांना सावलीच्या काठाशी, उजेडाकडे तोंड करून बसवा. फोन हातात न धरता कशाला तरी टेकून ठेवा, म्हणजे तुमचे डोळे त्यांच्याकडे राहतील. आणि पहिला प्रश्न सुचला नाही, तर एवढेच विचारा : “आजी, येथली सावली कोणीकडे जाते?”