मुळेची वारी



पुण्याच्या वायव्येला, मुळा नदीच्या काठी औंध आहे. साताऱ्याकडचे यमाईचे औंध निराळे; नावावरून आमच्या दिंडीतले पुष्कळ जण फसतात आणि मग फोन करून पत्ता विचारतात. हे औंध एके काळी शेतीचे गाव होते, आता शहराचे उपनगर झाले आहे. गळ्याने साथ सोडली, कीर्तनसेवा थांबली, तेव्हापासून मुलाकडे मी इथेच राहतो. जागा रम्य आहे, यात शंका नाही. रस्त्यांवर मोठमोठ्या झाडांची कमान, नदीकडे उतरले की करंज, उंबर आणि पाण्यात पाय सोडून बसलेली वाळुंजाची झाडे. पहाटे हरिपाठ म्हणत तिकडे गेले की खंड्या दिसतो, वंचक दिसतो. जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या फाटकाजवळ वृक्षांना नातलग मानणाऱ्या तुकोबांच्या अभंगाची पाटी आहे. अक्षर सुरेख असते.

आता थोडा भूगोल सांगतो. कीर्तनकाराच्या तोंडी भूगोल आला म्हणून कंटाळू नका.

तुकोबारायांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीचा मुक्काम करते आणि दापोडीला मुळेचा पूल ओलांडून पुण्याकडे वळते. त्या वेळी पुलाखालून जे पाणी चाललेले असते ते औंधावरून आलेले असते. पुढे पुण्यात मुळेला मुठा भेटते. माउलींची आणि तुकोबांची इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते. मुळा-मुठा आणखी खाली, रांजणगाव सांडसजवळ त्याच भीमेला मिळते. मग दौंड, मग उजनीचा प्रचंड जलाशय. धरणाच्या खाली नीरा-नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते. माउलींच्या पादुकांना वाटेत स्नान घडते तीच ही नीरा. एवढे सगळे पोटात घेऊन भीमा पंढरपुरात शिरते, चंद्रकोरीसारखी वळते आणि तिला आपण चंद्रभागा म्हणतो. आषाढीला उजनीतून पाणी सोडतात, तेव्हा वाळवंटात स्नानाची सोय होते.

म्हणजे माउली, माणसे डांबरी रस्त्याने चालतात आणि पाणी आपल्या वाटेने, पण मुक्काम एकच. औंधातल्या मोरीत ओतलेला तांब्या पंढरीच्या वाटेला लागलेला असतो. हे कळल्यापासून नदीकाठी उभा राहिलो की मला दिंडी पाहिल्यासारखे वाटते. फार सुखाचे वाटते असे मात्र म्हणवत नाही.

कारण उन्हाळ्यात या पात्रात डोंगराचे पाणी थोडे आणि घरांचे फार. वर मुळशीला ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, ते धरण याच नदीवर आहे. तिथले पाणी घाट उतरून वीज करायला कोकणात भिऱ्याकडे जाते. भूगावाकडून येणारी रामनदी बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर अशी वस्तीवस्तीतून वाट काढत मुळेला मिळते, तेव्हा तिच्या अंगावर या सगळ्यांचे सांडपाणी असते. फाल्गुन-चैत्रात जलपर्णी इतकी माजते, की लांबून पाहणाऱ्याला हिरवे शेत वाटावे.

नदीचा काठ बांधून काढण्याचे कामही चालू आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर. फिरायला वाट होईल, पूर आवरेल, असे करणारे म्हणतात. पात्र आवळेल आणि काठची जुनी झाडे जातील, असे विरोध करणारे म्हणतात. इथली तरुण मुले त्या झाडांसाठी रस्त्यावर आली, त्यांचे मला कौतुक आहे. वाळुंजाची मुळे काठ धरून ठेवतात हे मी लहानपणी गावच्या ओढ्यावर पाहिले आहे. दगडी भिंत नदीला शिस्त लावील, पण खंड्याला बसायला फांदी कुठून आणील? तरी माझा जीव अडकतो तो पाण्यात.

आमचे गुरुजी वारीत विहिरीवर फार कडक असत. वाटेतली विहीर लागली की आधी प्यायचे पाणी भरायचे, मग अंघोळ, तीही विहिरीपासून दहा हात लांब. कोणी थकून पायऱ्यांवर बसला आणि पाण्यात पाय सोडले, तर गुरुजी टाळ थांबवून ओरडत, "मागून दिंडी येतेय!" मागची दिंडी कोणाची, कुठल्या गावची, हे आम्हाला ठाऊक नसे. तिला हेच पाणी प्यायचे आहे, एवढे पुरे असे.

२०१६ साली 'नमामि चंद्रभागा' नावाने नदी निर्मळ करण्याची योजना जाहीर झाली. चांगलेच झाले. पण विहीर स्वच्छ ठेवायची ती पुढच्या दिंडीने. मागच्या दिंडीने गाळत बसायचे हा उलटा न्याय झाला. नदीच्या वाटेवर पुढची दिंडी आम्ही, औंधवाले.

आमच्या इमारतीच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे. विजेचे बिल फार येते म्हणून ते दिवसातून थोडाच वेळ चालवावे, असा विषय सभेत निघाला. मी हात वर केला. कीर्तनात दोन तास बोलणारा मी, तिथे दोन मिनिटे मिळाली. ज्या ताई दरवर्षी पंढरीहून चंद्रभागेचे तीर्थ आणून आम्हा सर्वांच्या हातावर घालतात, त्या समोरच बसल्या होत्या. मी त्यांना एवढेच विचारले, "ताई, ते तीर्थ इथूनच तर गेले नव्हते ना?" काही जण हसले. त्या हसल्या नाहीत. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे.

यंत्र पाहणारा मुलगा माढा तालुक्यातला आहे, भीमाकाठचा. काल त्याने मला तळघरात नेले, काचेच्या बरणीत यंत्रातून निघालेले पाणी धरून दाखवले. बऱ्यापैकी नितळ होते. मी विचारले, "बाळा, गावाकडे प्यायला कुठले पाणी?" तो म्हणाला, "नदीचंच की, बुवा." आणि बरणी धुऊन पालथी घातली.