मागची चाहूल

पुणे,
मंगळवार रात्र

प्रिय मुक्ता,

फोनवर हा विषय काढला असता तर तू "हो मामा, काढते मामा" म्हणून दोन मिनिटांत मिटवला असतास. म्हणून लिहितोय.

आज सकाळी साडेसहाला लॉ कॉलेज रस्त्यावर मी माझ्या सायकलवर तुझ्या मागे होतो, पंधरा-वीस फुटांवर. निळ्या सॅकवरून तुला ओळखलं. तीनदा घंटी वाजवली, दोनदा हाक मारली. कानातल्या गाण्यावर मान डोलवत तू आपली पुढे. मग ते खचलेलं ड्रेनेजचं झाकण आलं आणि मागे न बघता तू सायकल उजवीकडे घेतलीस. मागून दुधाचा टेम्पो येत होता. केव्हाचा हॉर्न देत होता बिचारा. त्यानं करकचून ब्रेक मारला, आतले क्रेट एकमेकांवर आदळले, आणि तुझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर टेम्पो थांबला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. तू मात्र तशीच पायडल मारत वळणाआड गेलीस. मी फुटपाथला पाय टेकून कितीतरी वेळ तिथंच उभा होतो.

दोन वर्षं गाणी ऐकत सायकल चालवतेय, एकदाही काही झालं नाही, असं तू आईला सांगतेस. आज सकाळपासून मला तेच टोचतंय. झालं असेल गं, तुला ऐकू आलं नसेल. थोडक्यात हुकलेल्या अशा प्रसंगांनीच माणूस रस्त्यावर शहाणा होतो. पाठीमागं ब्रेक करकचले की छातीत धस्स होतं आणि पुढच्या खेपेला मान आपसूक वळते. तुझ्यापर्यंत ते धस्स होणं पोचतच नाही.

तुझी सायकल ताशी १५ किलोमीटरनं चालली असेल आणि टेम्पो ४५ नं येत असेल, तर तुमच्यातलं अंतर दर सेकंदाला आठ मीटरहून अधिक घटतं. २५ मीटर मागं असलेला टेम्पो तीन सेकंदांत तुझ्यापाशी. त्या तीन सेकंदांत डोळे पुढच्या खड्ड्यावर असतात, असायलाच हवेत. पाठीचा पहारा कानांकडे असतो. आपल्याला आरसा नाही, मोटारीसारखा भोवती पत्रा नाही.

फ्रान्समध्ये २०१५ च्या जुलैपासून सायकलस्वारानं कानात इअरफोन घालायला बंदी आहे, दंड १३५ युरो. नेदरलँड्समध्ये, जिथं सगळा देश सायकलवर असतो, २०१९ पासून चालवताना हातात फोन धरायला मनाई झाली, गाणी ऐकायला मात्र नाही. पण तिथं सायकलींना बहुतेक ठिकाणी स्वतंत्र वाट असते. आपल्याकडे त्याच पट्ट्यात टेम्पो, रिक्षा, उलटा येणारा स्कूटरवाला आणि आपण.

एकाच कानात घातलं तर? त्याच नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी सायकलस्वारांवर प्रयोग केले. कानाच्या आत घट्ट बसणाऱ्या इअरफोननी थांबण्याचा आवाजी इशारा ऐकायचा राहून जायचा; एकाच कानात घातलं तर एवढा फरक पडला नाही. तेव्हा एक कान मोकळा असणं बरंच, हे मी मान्य करतो. पण आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू दोन्ही कानांतल्या अगदी सूक्ष्म फरकावरून ठरवतो. एकाच कानानं "काहीतरी येतंय" एवढं कळेल. कुठून, हे नीट कळणार नाही.

आणि बहिरी माणसं सायकल चालवतातच की, हा तुझा मुद्दा मी विसरलेलो नाही. चालवतात, उत्तम चालवतात. कारण ऐकू येत नाही हे ती क्षणभरही विसरत नाहीत. दर थोड्या अंतरानं त्यांची मान वळते. तुझी वळत नाही, तुझा भरवसा अजून कानांवरच आहे. आता विजेवरच्या बसगाड्या इतक्या हळू आवाजात येतात की मोकळ्या कानांनाही शेवटच्या क्षणी कळतं. वळण्याआधी मागं बघायची सवय तुला तशीही लावून घ्यावी लागणार आहे.

गाण्याचं वेड तुला मीच लावलं, म्हणून हे लिहिताना जीव जास्तच तुटतो. पण रस्त्याच्या गोंगाटावर मात करायला तू आवाज किती चढवत असशील? किशोरीताईंचा भूप तसा ऐकायचा असतो का? घरी ये, माझ्या खोलीत बसून दोघं ऐकू.

आणखी एक. तुझ्या मागं असताना मला तुझी साखळी ऐकू येत होती. प्रत्येक फेऱ्याला एकदा कर्र, आणि मागचं ब्रेकरबर रिमला घासल्याचा बारीक आवाज. निदान आठवडाभर तरी ती तशीच बोलत असणार. रविवारी सकाळी सायकल घेऊन ये. तेलाचा डबा आणि नऊ-दहाचा पाना काढून ठेवतो.

तुझा,
मामा