माणसाला उठवा

आमच्या घरात रात्रीचं जेवण नाही. दिवेलागणीच्या आत चूल विझते, भांडी पालथी पडतात आणि ओटा पुसून स्वयंपाकघराचा दिवा बंद होतो. पण गेली चार वर्षं माझी सून रात्री दहाला लॅपटॉप उघडून बसते आणि पहाटे सहापर्यंत बसते. तीही जेवते आमच्यासारखीच दिवस असताना. रात्रभर फक्त काम. शेजारच्या काकू विचारतात, "काय काम करते हो सून रात्रीचं?" मी सांगते, "कॉम्प्युटर बंद-चालू करते." त्यांना वाटतं, मी चेष्टा करते.

पण खरंच तेच काम आहे. यंत्रं आहेत नवी मुंबईला, एका डेटा सेंटरमध्ये. ती बसते बेळगावात, आमच्या माडीवरच्या खोलीत. मध्ये पाचएकशे किलोमीटर आणि अख्खा घाट. तिकडचा एखादा सर्व्हर अडकला, हाकेला ओ देईनासा झाला, तर ही इथून त्याची वीज तोडते आणि पुन्हा जोडते.

मी कला शाखेची. मला हे समजायला वेळ लागला. मी तिला विचारलं, "अगं, जे यंत्र मेलंय ते तुझं ऐकतं कसं?" तेव्हा तिनं नीट समजावलं. सर्व्हरच्या पोटात आणखी एक छोटा कॉम्प्युटर असतो. मोठा बंद असला तरी भिंतीतून वीज येते तोवर हा जागा असतो. त्याला नेटची वाटही बऱ्याचदा वेगळी दिलेली असते. हुकूम त्याला द्यायचा, तो मोठ्याला उठवतो. १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी मिळून त्याचे नियम ठरवले. त्या छोट्याला म्हणतात बीएमसी. "म्हणजे मुंबई महानगरपालिका?" असं मी म्हटलं, तर ती हसून हसून लाल झाली.

त्याशिवाय कपाटात विजेच्या पट्ट्या असतात, त्यातलं एकेक सॉकेट दुरून बंद करता येतं. मात्र चांगल्या सर्व्हरला वीज दोन बाजूंनी दिलेली असते, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्यामुळे तोडायची तर दोन्हीकडून तोडावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, दुरून इतकं सगळं होतं तर माणूस तिथं हवाच कशाला? ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते? नऊच्या सुमारास व्हॉट्सअॅप बंद पडलं, आपण सगळ्या वायफाय काढून-लावून बघत होतो. फेसबुकच्या देखभालीत दिलेल्या एका हुकमानं त्यांची सगळी केंद्रं एकमेकांपासून तुटली. दुरून शिरायची वाटही त्यातच बुडाली. शेवटी माणसांना प्रत्यक्ष केंद्रात जावं लागलं. सहाएक तास गेले.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मागच्या वर्षी तिला वरून निरोप आला: रात्री काय काय करता ते पायरी पायरीनं लिहून द्या. आधी काय बघता, मग काय, किती वेळ थांबता, केव्हा वीज तोडता. ती लिहायला बसली. मी म्हटलं, "कशाला हवंय त्यांना?" ती म्हणाली, "आई, हे लिहून झालं की प्रोग्राम करणार. मग आमच्याऐवजी तोच करेल." इतक्या सहज म्हणाली की माझ्याच पोटात कालवलं.

काही गोष्टी यंत्रं आधीपासून स्वतःहून करत होतीच. डिस्क मरायची चिन्हं दिसली की यंत्र स्वतःच तक्रार नोंदवतं, आणि कंपनीकडून नवा भाग निघतोसुद्धा. आता राहिलेलंही जाणार होतं.

मी घर चालवलेली बाई. सुनेच्या हाती स्वयंपाकघर दिलं तेव्हा मीही सगळं सांगितलं होतं, पाणी कसं गाळायचं, डाळ किती शिजवायची. पण ते शिकणारी घरातली होती. इथं शिकवणारीनंच बाहेर पडायचं. तरी तिनं काही राखून ठेवलं नाही. मी तसं सुचवलं तर म्हणाली, "अर्धवट लिहिलं तर रात्री कुणाचं तरी काम अडेल. हॉस्पिटलचंही असेल."

मला तिनं वाचून दाखवलं. अर्ध्याहून जास्त पायऱ्या थांबण्याच्याच होत्या. सर्व्हर ओ देत नाही म्हणजे मेला असं नाही. कधी तो आतलं सॉफ्टवेअर बदलत असतो. तेव्हा वीज तोडली तर कायमचा जायचा. आधी पडद्यावर बघा. मग सौम्यपणे बंद करा. मग थांबा. वीज तोडणं सगळ्यात शेवटी. मला वाटायचं, हिचं काम बटण दाबायचं. खरं काम बटणावरचा हात आवरायचं होतं.

प्रोग्राम सुरू झाला. रात्रपाळीला चौघं होती, दोघं राहिली. ज्या दोघांना जावं लागलं त्यांतल्या एकीच्या घराचा हप्ता चालू आहे. तिचा फोन आला की सून गच्चीवर जाऊन बोलते, खाली आल्यावर बराच वेळ गप्प असते. प्रोग्राम चांगला चालतो, असं ती स्वतःच सांगते. चांगला चालतो याचा आनंद मानावा की दुःख, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

महिन्याभरापासून ती रात्री झोपते. तिनं लिहिलेल्या यादीत शेवटची पायरी आहे: एवढं करूनही जमलं नाही, तर माणसाला उठवा. त्यापुढं नंबर तिचा आहे. फोन उशाशी असतो. तो वाजला की मला आधी जाग येते, आणि खरं सांगू, बरं वाटतं.