सा बदलला की

आमच्या गडब गावात गिटार शिकवणारं कोणी मला भेटलं नाही. पेणला जायचं तर शिफ्ट आडवी येई, म्हणून मोबाईलवरच्या धड्यांवर भागवलं. बहुतेक जण करतात तिथूनच सुरुवात केली : ए मायनर पेंटॅटोनिक, पाचवा फ्रेट. जाड तारेवर पाच-आठ, पुढच्या तीन तारांवर पाच-सात, उरलेल्या दोनांवर पुन्हा पाच-आठ. सूर पाचच : ए, सी, डी, ई, जी. हा पहिला ‘बॉक्स’ बोटांत बसला. पुढचे चार मात्र पाठांतराची शिक्षा. आठव्या फ्रेटवर जा नाहीतर दहाव्यावर, कानाला सगळं सारखंच.

आमच्या आळीतले बुवा देवळात भजनाला पेटी वाजवतात. त्यांना पहिला बॉक्स ऐकवला.

“हे तर धानी रागाचे सूर. सा कुठं धरलास?”

ए वर, म्हणजे त्यांच्या पेटीच्या पांढरी सहावर. त्यांनी पांढरी एक दाबून धरली. “तेच वाजव, पण थांबायचं इथं येऊन.”

थांबलो, तर चक्क भूप! एकही सूर बदलला नव्हता. मग पांढरी दोनवर मेघाचे सूर निघाले, तीनवर मालकंसाचे, पाचवर दुर्गाचे. माझ्या पाच बॉक्सांची सुरुवात नेमकी याच पाच सुरांवरून होते. सूर तेच ठेवून असा सा बदलण्याला जुन्या संगीतशास्त्रात मूर्च्छना म्हणतात. मोबाईलवर बोटांच्या जागा चोख दाखवल्या होत्या, खाली सा तेवढा धरलेला नव्हता.

आता जाड ई तार मोकळी छेडायची आणि वरच्या तारांवर बाराव्या फ्रेटचा बॉक्स वाजवायचा. ती तार घुमते तोवर मालकंस. ती थांबली की माझा कान पुन्हा ए मायनरकडे घसरतो. आमच्याकडे खाडीच्या खाऱ्या हवेनं तारा गंजतात आणि घुमणं लवकर मरतं, त्यामुळे मालकंसासाठी नव्या तारांचा खर्च आलाच.

बुवा एवढ्यावर खूश होणारे नव्हेत. “हे मालकंसाचे सूर झाले, मालकंस नाही.” तिसरी तार ओढून कोमल ग वरून म गाठला, तेव्हा मात्र त्यांनी मान डोलावली. पेटीवर ही मींड निघतच नाही, हे मीही मुद्दाम बोलून दाखवलं.

त्यावर त्यांनी देशकार दिलाय. सूर भूपाचेच, सासुद्धा तोच, पण भर ग ऐवजी ध वर. सध्या भूपाच्याच बॉक्समध्ये तो शोधतोय.