नाव छापावं की नाही?

बातमी तीनच ओळींची असते. चोरीच्या आरोपावरून एका आशियाई कामगाराला अटक. वय दिलेलं, नाव नाही. इथल्या, म्हणजे बहरीनमधल्या, इंग्रजी पेपरांची ही जुनी रीत. इथल्या तुबलीच्या खाडीला १९९७ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत नावानिशी जागा मिळाली. खाडीच्या आसपास राहणारे बांगलादेशी, मल्याळी, नेपाळी आणि आम्ही मराठी मात्र त्या एका ‘आशियाई’ शब्दात सगळे मावतो.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बाब्यानं काच फोडली तर हात निसटला, कार्ट्यानं फोडली तर घराचं वळणच तसलं. पण ही म्हण म्हणतं कोण? बाब्याची आई नाही, कार्ट्याचीही नाही. म्हणतो माडीवरून बघणारा तिसराच, आणि त्याच्याही घरात एक बाब्या असतोच. पत्रकारानं हा तिसरा व्हावं अशी आपली अपेक्षा. तो बहुधा दोघींपैकी एकीकडे जेवून आलेला असतो.

मग कार्ट्याच्या आईनं स्वतःचा पेपर काढावा? तोही काढून झाला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’नं मात्र पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. बातमी नव्हे हो, जाहिरात! असा पेपर निघतोय, एवढंच पदरमोड करून सांगायचं होतं. पुढं ‘बहिष्कृत भारत’ आला, ‘जनता’ आला. ज्यांनी हे पेपर वाचायला हवे होते त्यांच्या ओसरीवर ते किती पोचले, याची मला शंकाच आहे.

निदान नाव तरी छापा, म्हणजे एकाचा गुन्हा एकाच्याच माथी राहील, असं वाटायचं. पण मालेगाव आठवतं. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, बडा कब्रस्तानापाशी स्फोट. बळी मुसलमान, आणि पकडले तेही नऊ मुसलमानच. नावं छापून आली; नावाबरोबर धर्म आलाच, वेगळा लिहावा लागला नाही. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. एक जण त्याआधीच वारला होता.

आता नाव हवं की नको, मला सांगता येत नाही. बिननावाच्या बातमीनं सगळी वस्ती डागाळते, पण त्या कामगाराच्या गावी निदान बोभाटा होत नाही.

संपादकांनो, अटक ज्या पानावर छापली, सुटकाही त्याच पानावर आणि तेवढ्याच अक्षरांत छापा.