विंटेज म्हणजे काय रे भाऊ?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या पॅन्ट्रीत एकच प्रश्न असतो : वीकेंडला काय केलंस? कुणी लोणावळा केलेलं असतं, कुणी अख्खी वेबसिरीज संपवलेली असते, कुणी नुसती झोप काढलेली असते. दीड वर्ष माझं उत्तर ठरलेलं होतं : डहाणूला जाऊन पिकअप खोलली. लोक आधी माझ्या काळ्या नखांकडे बघायचे, मग मोबाइलवरचे फोटो बघायचे आणि हमखास म्हणायचे, ‘वॉव, विंटेज ना?’

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. आमच्या घरात तर त्यावरून चांगलंच वाजलं होतं.

आधी गाडीची ओळख करून देते. महिंद्राची १९६८ सालची जीप. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून जास्त जीप बनल्या, त्याच खानदानातली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलिज जीप जोडायला सुरुवात केली. नंतरचं सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८मध्ये बंद झालं, आपल्याकडे मात्र पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं. आमची गाडी त्यातलीच. आजोबांनी ती डहाणूजवळच्या चिकूच्या वाडीसाठी घेतली. कॅनव्हासचं हूड, पुढे आडवी पडणारी काच आणि चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन. अल्बममध्ये एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. आजोबा बॉनेटला टेकून उभे, अगदी हीरो!

पण १९८४मध्ये हीरोला कामाला लागावं लागलं. पेट्रोल परवडेना, तेव्हा अनेकांनी केलं तेच आजोबांनी केलं. पेट्रोल इंजिन काढून बाजारातलं जुनं डिझेल इंजिन टाकलं. मागचा भाग कापून लाकडी हौदा बसवला. आरसी बुकात नोंद करून घेतली आणि जीपची झाली पिकअप. त्याच वर्षी तलासरीकडच्या एका पाड्यावरून एक ड्रायव्हर कामाला आले, आमचे काका. सत्तावीस वर्षं त्यांनी ती चालवली. चिकूचे खोके स्टेशनवर, खत वाडीवर, गवत गोठ्यावर. पुढे २००५मध्ये टाटाचा ‘छोटा हत्ती’ आला, भाड्याने सहज मिळायला लागला आणि २०११मध्ये आमची पिकअप शेडमध्ये जी उभी राहिली ती राहिलीच. समुद्राची खारी हवा पत्र्याला काय करते ते डहाणूकरांना विचारा. फ्लोअर बोटाने दाबला की भुगा!

मी ती उभी करायची ठरवली तेव्हा बाबा खूश झाले. त्यांच्या डोळ्यांसमोर तो अल्बममधला फोटो होता. ‘हौदा काढून टाकू, डिझेल काढू, पेट्रोल इंजिन शोधू. अण्णांची जीप होती तश्शी करायची,’ असा त्यांचा हुकूम. प्लॅन अशक्य नव्हता. इतकी वर्षं एकाच घाटाच्या गाड्या बनल्यामुळे जीपचे पार्ट अजून मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडा, नाहीतर हरियाणातल्या डबवालीत चौकशी करा, जुन्या जीप नव्या करण्यासाठी ते गाव प्रसिद्ध आहे. फक्त चांगल्या पेट्रोल इंजिनचा भाव ऐकून माझा दोन महिन्यांचा पगार डोळ्यांसमोरून गेला.

बाबांच्या बाजूने सरकारही होतं म्हणा ना! जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, खासगी वापरातली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी आणि नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं. अट अशी, की गाडी मूळ रूपातच हवी. चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. शिवाय ती रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला न्यायची. रोजच्या कामाला नाही.

नियम वाचून मला गंमत वाटली. म्हणजे जिने काहीच बदललं नाही ती विंटेज. जिने जगण्यासाठी पोटातलं इंजिन बदललं, पाठीवर हौदा घेतला, ती नुसतीच जुनी!

मग काकांना बोलावलं. खरं तर मी त्यांना फक्त गिअरबॉक्सच्या आवाजाबद्दल विचारणार होते. तलासरीहून ते सकाळीच आले, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडण्याआधी चाकाशी बसले आणि म्हणाले, ‘बाय, आधी तिला थांबायला शिकव. पळायला मग.’

पुढचे दोन महिने आम्ही नुसते ब्रेक केले. या जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच ऑइलची लाइन. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. म्हणून सगळे पाइप नवे, व्हील सिलिंडरची रबर किट नवी, मास्टर सिलिंडर नवा. मग डिझेलचा पंप आणि नोझल हायवेवरच्या पंप दुरुस्तीवाल्याकडे. तलासरी हा मुंबई-अहमदाबाद हायवेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा तालुका. रात्रंदिवस ट्रक जातात, त्यामुळे जुनं डिझेल इंजिन ऐकून ओळखणारे मिस्त्री तिथे अजून आहेत. पत्र्याचं काम मात्र घरीच. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, रेड ऑक्साइड मारायचा, लांबी भरायची, पॉलिश पेपर घासायचा. जिमची मेंबरशिप आपोआप बंद झाली.

या सगळ्यात काका बोलायचे. हौद्याच्या डाव्या फळीची वरची कड अगदी गुळगुळीत झालीय. मला वाटलं, खोक्यांनी. काका म्हणाले, ‘खोकी नाय, बायांचे हात.’ बाजाराच्या दिवशी पाड्यावरच्या बाया रिकाम्या हौद्यात उभ्या राहून जायच्या, त्या फळीला धरून. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेलाही तशाच. एकदा रात्री बाळंतपणाला अडलेल्या बाईला त्यांनी याच हौद्यात गवतावर निजवून डहाणूला सरकारी दवाखान्यात पोचवलं होतं. माझ्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि त्याआधीची जीप? तो हीरोवाला फोटो मी काकांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘लहानपणी जीपचा आवाज आला की आम्ही रानात पळायचो.’ जीप म्हणजे जंगलखातं, पोलीस, नाहीतर शेठ. त्यांचे वडील झरीच्या सभेला होते. झरी म्हणजे आजच्या तलासरी तालुक्यातलं गाव. मे १९४५मध्ये तिथे गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या पुढाकाराने वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असं ठरवून उठले. काकांनी हे रागाने सांगितलं नाही. स्पॅनर पुसता पुसता सांगितलं. माझ्या बाबांना ते आजही ‘शेठ’ म्हणतात.

नॉस्टॅल्जिया हा शब्द आपण फार पटकन वापरतो. जुनी गाडी सगळ्यांनाच गोड आठवण देते असं आपण धरून चालतो. पण एकाच गाडीचे दोन जन्म असू शकतात. १९६८ची जीप आमच्या घराची होती. १९८४नंतरची पिकअप काकांचीही होती. गाडी ‘पूर्वीसारखी’ करायची म्हणजे कुठल्या पूर्वीसारखी? हौदा काढला असता तर गंजाबरोबर त्यांची सत्तावीस वर्षंही भंगारात गेली असती.

मी बाबांना सांगितलं, हौदा राहणार, डिझेलही राहणार. ते दोन आठवडे माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं दुःखही खरं होतं. वडिलांची जीप परत पाहायची त्यांची इच्छा होती आणि ती मी पुरी केली नाही. तिसऱ्या शनिवारी मात्र ते शेडमध्ये आले, त्या गुळगुळीत फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘हिला वॉर्निश नको, नुसतं तेल पाज.’ एवढंच. मी जवसाचं तेल आणलं.

आता पिकअप चालते. कागदोपत्री ती मालवाहू, त्यामुळे दर वर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. २०२१च्याच स्क्रॅपिंग धोरणानुसार फिटनेसला नापास झालेली गाडी म्हणजे आयुष्य संपलेली गाडी. त्यामुळे दर वर्षी तिची परीक्षा आणि आमची धाकधूक. ‘व्हीए’ नंबर तिला कधीच मिळणार नाही. पण शनिवारी ती वाडीतून चिकूचे क्रेट घेऊन निघते, २०१६मध्ये जीआय मिळालेले आपले डहाणू-घोलवडचे चिकू, आणि रॅलीतल्या चकचकीत गाड्यांना जे करायची परवानगी नाही तेच करते. काम!

तुमच्याही गावी शेडमध्ये अशी एखादी गाडी धूळ खात असेल. जरूर काढा बाहेर. यूट्यूब आहे, पार्ट मिळतात, वीकेंडही मस्त जातो. फक्त रंगाचा डबा आणण्याआधी एक करा. अल्बममध्ये गाडीला टेकून उभं कोण होतं ते सगळ्यांना माहीत असतं. ती चालवायचं कोण, ते विचारा आणि त्यांना एकदा चहाला बोलवा.