घाईचे सिमेंट, सबुरीचे स्फटिक

चि. अनघा हिस,



मॅग्नेशियम फॉस्फेट सिमेंट काही मिनिटांतच घट्ट होते आणि तरीही ते टिकाऊ कसे ठरते, हा तुझा प्रश्न मूलतः स्फटिकांच्या जन्माचा आणि वाढीचा आहे. या सिमेंटचे घटक दोन : मॅग्नेशिया, म्हणजे अल्कधर्मी मॅग्नेशियम ऑक्साइड, आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट हे आम्लधर्मी लवण. पाणी घालताच लवण विरघळून द्रावणाचा पीएच ४ च्या आसपास येतो; हे आम्लधर्मी द्रावण मॅग्नेशियाच्या कणांचा पृष्ठभाग विरघळवते, सुटलेल्या प्रत्येक मॅग्नेशियम आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू जमतात आणि पीएच वाढू लागतो. पुढे द्रावण अतिसंपृक्त होते, म्हणजे त्यात सामावू शकतील त्याहून अधिक आयन साठतात, आणि ते एकत्र येऊन स्फटिकांची सूक्ष्म बीजे तयार होतात. या क्रियेस केंद्रकीभवन म्हणतात.

या बीजांवर थर चढत जाऊन मॅग्नेशियम पोटॅशियम फॉस्फेटाचे स्फटिक वाढतात, एकमेकांत गुंततात आणि उरलेल्या मॅग्नेशियाच्या कणांना बांधून ठेवतात. प्रत्येक सूत्रामागे पाण्याचे सहा रेणू स्फटिकात बसतात. त्यांपैकी पाच बाहेरून येतात, सहावा अभिक्रियेतच निर्माण होतो आणि स्फटिकाच्या वजनात पाण्याचा वाटा सुमारे ४० टक्के भरतो. पोटॅशियमच्या जागी अमोनियम असेल, तर स्ट्रुव्हाइट मिळते. मूतखड्याच्या एका प्रकारात सापडणारे खनिज ते हेच.

या अभिक्रियेत बरीच उष्णता बाहेर पडते आणि ती उष्णता अभिक्रियेस आणखी वेग देते. वेग अनावर झाला, तर असंख्य बीजे एकदम जन्मतात, स्फटिक लहान व अर्धवट राहतात आणि मिश्रण सारखे पसरण्यापूर्वीच आखडते. म्हणूनच मॅग्नेशिया सुमारे १५०० अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापमानास भाजतात, जेणेकरून त्याचे कण दाट होऊन सावकाश विरघळतात. शिवाय टाकणखार घालून अभिक्रिया लांबवतात. टाकणखार अथवा पाणी प्रमाणाबाहेर गेले, तर मात्र बळ घटते. जादा पाणी मागे छिद्रे ठेवते.

अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अरुण वाघ आणि सहकाऱ्यांनी याच रसायनावर सेरामिक्रीट नावाचे सिमेंट विकसित केले आणि किरणोत्सारी कचरा बंदिस्त करण्यासाठी त्याचा उपयोग अभ्यासला. अशा कामात पदार्थाला दीर्घकाळ टिकावे लागते, आणि त्या टिकण्याचा पाया पहिल्या काही मिनिटांतच घातला जातो. तेव्हा नमुन्याची ताकद दाबयंत्रावर मोजताना मिश्रणाच्या तापमानाचा आलेख आणि स्फटिकांचे सूक्ष्मदर्शी चित्र हेही सोबत तपासावे; ताकदीचा आकडा चांगला वा वाईट का आला, याचे कारण त्या दोहोंत सापडते.

तुझा,
काका